एक समुद्र आटत होता, शेजारचा चढत होता

१९७८ ते १९९५ हा काळ मध्य आशियाच्या पाण्याकडे बघणाऱ्यांना बुचकळ्यात टाकणारा होता. अरल समुद्र तेव्हा डोळ्यांदेखत आटत होता. उझबेकिस्तानातल्या मुयनाक बंदरातल्या मासेमारी नौका वाळूत रुतल्या होत्या आणि पाणी नजरेपलीकडे गेलं होतं. त्याच वर्षांत, उस्त्युर्तचं ओसाड पठार ओलांडलं की पश्चिमेला लागणारा कॅस्पियन समुद्र मात्र चढत होता. या काळात तो सुमारे अडीच मीटर वर आला. कझाकस्तान आणि रशियातल्या दागेस्तानच्या सखल किनाऱ्यांवर घरांत पाणी शिरलं, रस्ते बुडाले, तेलविहिरींभोवती बांध घालावे लागले.

दोन्ही समुद्रांवर सूर्य सारखाच तळपतो. दोघांच्या आसपास वाळवंट. १९९१ पर्यंत दोघांच्या बहुतेक किनाऱ्यावर राज्यही एकाच सत्तेचं. तरी एक रिकामा होत होता आणि दुसरा भरत होता. 'हवामान बदललं' किंवा 'वाळवंट पसरतंय' असं एका वाक्यात उत्तर देणाऱ्याला या दोघांपैकी एकाचंच उत्तर देता येतं, दुसरा लगेच त्याला खोटं पाडतो. कोरड्या प्रदेशातलं पाणी समजून घ्यायचं तर जमाखर्च मांडायलाच हवा.

तो मांडायला फार अवघड नाही. आवक वजा जावक म्हणजे साठ्यातला बदल, बस. हाच पाण्याचा ताळेबंद. बहुतेक ठिकाणी जावकेच्या बाजूला नदीतून महासागराला जाणारं पाणी असतं. मध्य आशियात ती सोयच नाही. आमू दर्या, सिर दर्या, व्होल्गा, उराल यांपैकी एकही नदी महासागरापर्यंत पोचत नाही. खोरी बंदिस्त आहेत. पाणी आत येतं आणि बाहेर पडायला त्याला एकच मोठी वाट असते, ती म्हणजे वाफ होऊन वर जाण्याची. अशा खोऱ्याच्या तळाशी साचलेला तलाव हा आयता मापक असतो. आवक वाढली की तो फुगतो, घटली की आकसतो. फक्त मापकाचा काटा हलला म्हणजे का हलला हे कळत नाही, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

आकडे समजायला दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक घन किलोमीटर पाणी म्हणजे साधारण ३५ टीएमसी. आणि एक घन किलोमीटर पाणी एक हजार चौरस किलोमीटरवर पसरलं तर त्याची खोली बरोबर एक मीटर भरते. एवढ्या भांडवलावर पुढची सगळी गणितं कागदाच्या कपट्यावर होतात.

अरलचं खातं

काराकुम आणि किझिलकुम या वाळवंटांत वर्षाला १०० ते २०० मिलीमीटर पाऊस पडतो, आणि उघड्या पाण्यावरून त्याच वर्षात साधारण एक मीटर पाणी उडून जातं. म्हणजे तिथे तलाव असणं हीच मुळात नवलाची गोष्ट. ते शक्य होतं पूर्वेकडच्या पामीर आणि त्येन शान पर्वतांमुळे. ढग तिथे अडतात, बर्फ साचतं, उन्हाळ्यात वितळतं आणि आमू व सिर या दोन नद्या ते पाणी शेकडो मैल वाळवंटातून वाहून आणतात. पाणी तयार होतं ताजिकिस्तान-किर्गिझस्तानात आणि खर्च होतं उझबेकिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानात. या प्रदेशाचं निम्मं राजकारण एवढ्या एका वाक्यात आलं.

१९६० च्या सुमाराचं अरलचं खातं असं होतं: दोन्ही नद्यांचं मिळून वर्षाला सुमारे ५६ घन किलोमीटर पाणी समुद्रात येई, वर जेमतेम नऊ-दहा घन किलोमीटरचा पाऊस. बाष्पीभवन साधारण ६५. जमा-खर्च सारखा, त्यामुळे पातळी स्थिर, समुद्रसपाटीपासून ५३ मीटरवर. क्षेत्रफळ ६७-६८ हजार चौरस किलोमीटर. पडताळून बघा. बाष्पीभवनातून पाऊस वजा केला की वर्षाला निव्वळ ८५ सेंटीमीटरच्या आसपास पाणी जातं. ५६ घन किलोमीटर आवक या दराने उडवायला किती पृष्ठभाग लागेल? सुमारे ६६ हजार चौरस किलोमीटर. समुद्र जवळजवळ तेवढाच होता.

बंदिस्त तलावाची खरी गंमत इथे आहे. जेवढी आवक, तेवढी वाफ होईल इतकाच पसारा तो स्वतःसाठी राखतो. आवक दहा घन किलोमीटरवर आली तर त्याला बारा हजार चौरस किलोमीटरच परवडतात. तिथवर आकसल्याशिवाय तो थांबत नाही आणि तिथे पोचला की आपोआप थांबतो. म्हणून अरल 'पूर्ण संपणार' हे भाकीत जसं चूक होतं, तसंच 'आता आटणं मंदावलं, म्हणजे परिस्थिती सुधारली' हेही चूक. मंदावलं, कारण उडून जायला पृष्ठभागच उरला नाही. (प्रत्यक्षात आणखी एक बारकावा आहे: पाणी जितकं खारट, तितकी त्याची वाफ थोडी कमी होते. दक्षिणेकडच्या उरलेल्या अरलमध्ये क्षारता लिटरमागे १० ग्रॅमवरून १०० च्या वर गेली, त्यामुळे शेवटचं पाणी जरा चिवट निघालं.)

आवक कुठे गेली हे सगळ्यांना माहीत आहे: कापसाला. सोव्हिएत काळात सिंचनाखालचं क्षेत्र १९६० च्या सुमारच्या ४५ लाख हेक्टरांवरून ७० लाखांच्या पुढे गेलं. १९५४ साली खोदायला घेतलेला काराकुम कालवा आमूचं पाणी तुर्कमेनिस्तानच्या वाळवंटात हजार किलोमीटरहून लांब घेऊन गेला, तेही बराचसा विनाअस्तर मातीतून. १९८० च्या दशकात अशी वर्षं आली की अरलपर्यंत जवळजवळ काहीच पोचलं नाही. समुद्र आटणार हे नियोजनकर्त्यांना ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. त्यांच्या लेखी समुद्रातून उडणारं पाणी वाया जाणारं होतं आणि कापसातून उडणारं कामाचं.

एक प्रश्न मात्र फार कमी जण विचारतात. सिंचन तर त्या भागात हजारो वर्षांपासून होतं, विसाव्या शतकाच्या पहिल्या निम्म्यात ते वाढतही होतं, मग समुद्र १९६० पर्यंत टिकला कसा? दोन्ही नद्यांचा डोंगरातून निघणारा प्रवाह ११० घन किलोमीटरच्या आसपास, आणि समुद्रात पोचत होतं त्याच्या निम्मंच. उरलेलं निम्मं वाटेतच खर्च होई. काही जुन्या शेतीत, पण पुष्कळसं नदीकाठच्या बोरू-वेतांच्या दलदलीत आणि 'तुगाई' म्हणतात त्या काठच्या जंगलांत. नवी शेती बरीचशी याच दलदलींच्या जागी आली. आधी बोरू जेवढं पाणी उडवत होता, तेवढंच आता पीक उडवू लागलं, शिवाय शेताच्या निचऱ्याचं पाणी नदीत परत येत होतं. ताळेबंदाला धक्का लागला नाही. १९६० नंतर शेती नदीकाठ सोडून खऱ्याखुऱ्या कोरड्या रानात सरकली. तिथे आधी काहीच उडत नव्हतं. तिथला प्रत्येक थेंब नव्या खर्चात गेला आणि वापरलेलं पाणी नदीकडे परतलंच नाही.

मग ते गेलं कुठे? याचं उत्तर उपग्रहाच्या चित्रात दिसतं. सिर दर्याच्या मधल्या टप्प्यात आर्नासाय नावाचा खोलगट भाग होता. १९६९ साली नदीला मोठा पूर आला, चारदारा धरण भरलं आणि सुमारे २१ घन किलोमीटर पाणी या खोलगटात सोडून द्यावं लागलं. वाळवंटात रातोरात म्हणावा असा एक प्रचंड तलाव उभा राहिला. आयदार-आर्नासाय तलावमालिका आजही आहे, तिथे मासेमारी चालते. दुसरीकडे, आमूच्या डाव्या अंगाला सर्यकामिशच्या खळग्यात शेतांतलं खारट निचऱ्याचं पाणी सोडत गेले आणि तिथेही तलाव झाला. अरलचं काही पाणी पत्ता बदलून या दोन ठिकाणी राहायला गेलं.

सगळ्या प्रदेशाचा एकत्रित ताळेबंद मांडला तर तो त्या दशकांत फारसा बिघडलेलाच नाही. डोंगरातून साधारण तेवढंच पाणी येत होतं आणि साधारण तेवढंच उडत होतं. उडण्याची जागा बदलली: समुद्राऐवजी शेत, कालवा, पाझरलेली जमीन, भलतीकडचे तलाव. माझ्या मते अरलची गोष्ट सांगताना हाच मुद्दा हरवतो. 'पाणी संपलं' म्हटलं की दोष निसर्गाकडे सरकतो. इथे पाणी संपलं नव्हतं, वाटप बदललं होतं. पाणी कुठे उडतं याने मीठ कुठे साचतं हेही ठरतं. पूर्वी ते समुद्राच्या तळाशी जाई. आता ते शेतात वर येऊन जमिनी पांढऱ्या करतं आणि उघड्या पडलेल्या समुद्रतळावरून, ज्याला आता अरलकुम म्हणतात, वाऱ्याबरोबर गावांत शिरतं.

वर्षाची बेरीज तीच राहून नुसतं वेळापत्रक बदललं तरी खोऱ्याचं काय होतं, याचाही नमुना इथेच आहे. किर्गिझस्तानातलं तोक्तोगुल धरण सोव्हिएत काळात खालच्या कापसासाठी उन्हाळ्यात पाणी सोडे आणि बदल्यात किर्गिझस्तानला कोळसा-गॅस मिळे. १९९१ नंतर इंधन बाजारभावाने आलं. किर्गिझांनी हिवाळ्यात वीज काढायला सुरुवात केली. डोंगरातून निघणारं पाणी तेवढंच राहिलं, पण आता ते जानेवारीत येऊ लागलं, जेव्हा खाली नदी गोठलेली असते आणि शेताला त्याची गरज नसते. गोठलेल्या पात्रात ते मावेना, म्हणून पुन्हा आर्नासायकडे वळवावं लागलं. उन्हाळ्यात शेतकरी आणि समुद्र दोघेही कोरडे.

उत्तरेकडे एक वेगळं घडलं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अरलचे दोन तुकडे झाले होते. उत्तरेचा छोटा, सिर दर्यावर जगणारा. दक्षिणेचा मोठा, आमूवर. छोट्यातलं पाणी दक्षिणेच्या उथळ तळावर पसरून उडून जात होतं. स्थानिकांनी घातलेला वाळूचा बांध १९९९ च्या वादळात फुटला. मग कझाकस्तानने जागतिक बँकेच्या मदतीने २००५ साली कोक-अरल हा १३ किलोमीटरचा पक्का बांध पुरा केला, आणि वर्षभराच्या आत पातळी ४२ मीटरवर आली. तज्ज्ञांना याहून बरीच वर्षं लागतील असं वाटलं होतं. यात चमत्कार काही नाही. आवक तीच ठेवून पृष्ठभाग छोटा केला की शिल्लक उरतेच. क्षारता उतरली आणि गोड्या पाण्यातले मासे परतले. दक्षिणेला मात्र याचा उपयोग नव्हता. दक्षिण अरलचा पूर्वेकडचा भाग २०१४ साली पूर्ण कोरडा पडला.

कॅस्पियनचा दगा

आता शेजारी. कॅस्पियनचं क्षेत्रफळ पावणेचार लाख चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जुन्या अरलच्या पाचपटीहून जास्त. त्याची पातळी महासागराच्याही खाली, विसाव्या शतकात ती साधारण उणे २६ ते उणे २९ मीटरच्या दरम्यान हलत राहिली. त्याचा पोशिंदा वेगळाच आहे. नदीच्या पाण्यातला जवळपास ८० टक्के वाटा एकट्या व्होल्गाचा, आणि व्होल्गाचं खोरं वाळवंटात नाही, रशियाच्या जंगलांत आहे. मॉस्को शहर याच खोऱ्यात बसतं. मॉस्कोच्या छपरांवरचा बर्फ वितळला की तो अखेर कॅस्पियनला जाऊन मिळतो. कोरड्या किनाऱ्याच्या समुद्राचं भवितव्य हजार किलोमीटर दूरच्या ओल्या आभाळावर ठरतं.

१९२९ नंतर व्होल्गाच्या खोऱ्यात कोरडी वर्षं आली आणि पातळी झपाट्याने उतरली. पुढे व्होल्गावर धरणांची साखळी उभी राहिली, त्यांनी आणि सिंचनाने आणखी थोडं पाणी खाल्लं. १९७७ मध्ये पातळी उणे २९ मीटरवर गेली. जवळपास पन्नास वर्षांत तीन मीटरची उतरण. एवढा लांब कल बघून कोणीही म्हणेल की हे असंच चालणार. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी आणि अधिकाऱ्यांनीही तेच म्हटलं, आणि उपाय शोधायला घेतले.

त्यातला एक उपाय म्हणजे कारा-बोगाझ-गोल. कॅस्पियनच्या पूर्वेला, आजच्या तुर्कमेनिस्तानात, एका चिंचोळ्या सामुद्रधुनीने जोडलेलं हे १८ हजार चौरस किलोमीटरच्या आसपासचं उथळ आखात. आखाताची पातळी समुद्राहून खाली, म्हणून समुद्राचं पाणी सामुद्रधुनीतून सतत आत धो-धो पडायचं आणि तिथल्या उन्हात उडून जायचं. मागे मीठ राही, त्यावर रसायनांचा कारखानदारी व्यवसाय चालत असे. मॉस्कोतल्या कागदावर ही निव्वळ गळती होती. १९८० साली सामुद्रधुनी बांध घालून बंद केली.

गणित करून बघू. त्या काळात आखातात वर्षाला पाच ते दहा घन किलोमीटर पाणी जात होतं. कॅस्पियनच्या एवढ्या पसाऱ्यावर ते दीड ते तीन सेंटीमीटर भरतं. एवढ्यासाठी बांध! आणि खरा विनोद पुढे आहे: बांध घातला तेव्हा समुद्र दोन वर्षांपासून चढायला लागला होता. व्होल्गाच्या खोऱ्यात पुन्हा ओली वर्षं सुरू झाली होती. १९७८ पासून पातळी वर्षाला सरासरी १३-१४ सेंटीमीटरने वाढत गेली. म्हणजे दरवर्षी सुमारे ५० घन किलोमीटर जादा शिल्लक, बांधाने वाचवलेल्या पाण्याच्या पाचपटीहून अधिक. इकडे आखात अपेक्षेहून कितीतरी लवकर, तीन-चार वर्षांत, कोरडंठाक झालं. मिठाची धूळ उडू लागली, कारखान्यांचा कच्चा माल संपला. १९८४ मध्ये बांधात पाइप टाकून थोडं पाणी सोडलं. १९९२ साली स्वतंत्र तुर्कमेनिस्तानने बांधच फोडला आणि आखात परत भरलं.

हे आखात म्हणजे समुद्राचा स्वयंचलित सांडवा होता. पातळी चढली की आत जास्त पाणी पडे, उतरली की कमी. पुराच्या ऐन तोंडावर सांडवा बुजवला, असं त्याचं वर्णन करता येईल. सायबेरियातल्या नद्या दक्षिणेकडे वळवण्याची त्याहून अचाट योजनाही याच काळात कागदावर होती. ती १९८६ मध्ये गुंडाळली.

पन्नास वर्षांचा कल हा 'दीर्घकालीन' वाटतो, पण बंदिस्त समुद्राला तो अपुरा पडू शकतो. कॅस्पियनची ही उतरण-चढण मुख्यतः व्होल्गाच्या आवकेतल्या चढउतारांची होती, अरलची उतरण माणसाने वरच्या खोऱ्यात वाढवलेल्या जावकेची. काटा दोन्हीकडे उतरलेलाच दिसत होता.

१९९६ पासून कॅस्पियन पुन्हा उतरतो आहे, आणि या वेळचं कारण तिसरंच आहे. १९९६ ते २०१५ या काळात पातळी वर्षाला सुमारे सात सेंटीमीटरने घसरली आणि त्यातला मोठा वाटा वाढलेल्या बाष्पीभवनाचा होता. हवा तापली की समुद्र जास्त पाणी गमावतो. व्होल्गा एखाद्या दशकात दगा देते, पुढच्या दशकात भरपाई करते. तापमान तसं माघारी येत नाही. आता पातळी उणे २९ च्याही खाली गेली आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शतकाअखेर ९ ते १८ मीटर घसरणीची शक्यता मांडली गेली. उत्तर कॅस्पियनची सरासरी खोली पाचेक मीटरच आहे, म्हणजे तो सगळाच भाग जमीन होईल. सील प्राण्यांची वीण तिथल्या हिवाळी बर्फावर होते आणि बंदरांकडे जाणारे जलमार्गही तिथूनच आहेत.

मुद्दलाला हात

ताळेबंदाची तिसरी रक्कम, साठा, आतापर्यंत आपण फक्त समुद्रात मोजली. पण पामीर आणि त्येन शानच्या हिमनद्या हाही साठाच आहे. १९६१ ते २०१२ या काळात त्येन शानच्या हिमनद्यांनी आपल्या वस्तुमानाचा चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग गमावला. हे वितळलेलं पाणी नद्यांत आलं, म्हणजे काही वर्षं आवक चांगली दिसते. ती दरवर्षीच्या बर्फातून येत नाही, साठवलेल्या मुद्दलातून येते. हिमनदी लहान होत गेली की वितळायलाच कमी उरतं आणि नेमक्या जुलै-ऑगस्टमध्ये, पिकाला सगळ्यात जास्त तहान असते तेव्हा, प्रवाह घटतो. नुसता नदीचा प्रवाह मोजणाऱ्याला हे कळणार नाही. २००२ साली सोडलेल्या 'ग्रेस' उपग्रहांच्या जोडीने त्यात मोठी मदत केली. ते २०१७ पर्यंत गुरुत्वाकर्षणातले सूक्ष्म फरक मोजत आणि त्यावरून खालचं एकूण पाणी, बर्फ, भूजल, तलाव सगळं धरून, किती वाढलं-घटलं याचा अंदाज येई.

इतिहासात अजून मागे गेलं तर अरल पूर्वीही आकसला होता. पाणी हटल्यावर आजच्या कोरड्या समुद्रतळावर केर्देरी इथे मध्ययुगातल्या कबर-इमारतीचे अवशेष सापडले, म्हणजे त्या वेळी तिथे जमीन होती. आमू दर्या अधूनमधून पात्र बदलून सर्यकामिशकडे आणि तिथून उझबोयच्या पात्राने कॅस्पियनकडे वाहत असे. याचा आधार घेऊन 'हे नैसर्गिकच आहे' म्हणणारेही भेटतात. नदी पूर्वी वाट बदलत होती हे खरं, पण १९६० नंतर ती वाट बदलून कुठे गेली नाही, शेतात जिरली.

पुढचा मोठा खर्च आता दक्षिणेकडून येतो आहे. अफगाणिस्तानने २०२२ पासून कोश तेपा कालवा खणायला घेतला, २८५ किलोमीटर लांबीचा. पूर्ण झाल्यावर तो आमूतून वर्षाला दहा घन किलोमीटरपर्यंत पाणी घेऊ शकेल असा अंदाज आहे. पाण्यावर अफगाणिस्तानचाही हक्क आहे, त्यांचे डोंगरही या नदीला पाणी देतात, आणि १९९२ साली पाच मध्य आशियाई देशांनी आमूच्या वाटपाचा करार केला तेव्हा त्यात अफगाणिस्तान नव्हता. अडचण ताळेबंदाची आहे. १९६० ते १९९० या काळात वर कोणीही कालवा काढला की तूट अरल भरून देत असे. आज दक्षिण अरलकडे द्यायला काही शिल्लक नाही. आमूतून आता एक घन किलोमीटर जादा उचललं तर ते उझबेकिस्तानातल्या खोरेझम, काराकालपाकस्तान किंवा तुर्कमेनिस्तानातल्या कुणाच्या तरी चालू शेतातून वजा होईल.